तिकीटखिडकी पंचांगाने उघडा

प्रति,
नवी मुंबई महानगरपालिकेचे आयुक्त,
सिडकोचे व्यवस्थापकीय संचालक,
आणि वाशीगाव, सारसोळे, करावे, दिवाळे इथल्या मच्छीमार सोसायट्यांचे पदाधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

तिघांना एकाच पाकिटात घातलं म्हणून राग मानू नका. मागणी लहानच आहे, पण ती एका टेबलावर मावणारी नाही. तलाव एकाकडे, जेट्टी दुसऱ्याकडे आणि पाणी खरं कळतं ते तिसऱ्याला. म्हणून हे उघडं पत्र.

मी नेरूळला राहते. आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. भरती-ओहोटीच्या धड्याला दरवर्षी फळ्यावर चंद्र, पृथ्वी आणि सूर्य एका रेषेत काढायचे, मुलं वहीत उतरवून घ्यायची, परीक्षेत तीन मार्कांना प्रश्न यायचा. शाळेच्या गच्चीवरून खाडी दिसत होती. तिच्यावर मुलांना मी एकदाही नेलं नाही. नेणार कशातून?

मागणी अशी: खाडीकाठच्या या शहरात पेडल बोटी तासाच्या भाड्याने मिळाव्यात. तलावात तर मिळाव्यातच, पण महिन्यातल्या काही ठरावीक सकाळी खुद्द खाडीतही, आखून दिलेल्या पट्ट्यात. आणि खिडकी उघडायची वेळ ‘सकाळी दहा ते सायंकाळी सहा’ अशी पाटीवर रंगवलेली नसावी. ती पाण्याने ठरवावी. पत्राचा सगळा भर या शेवटच्या वाक्यावर आहे. बाकीचं वाचायला वेळ नसेल तर एवढं वाचून सोडलंत तरी चालेल.

हे खूळ डोक्यात आलं ते लेकीकडे बाल्टिमोरला गेलो तेव्हा. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं हे जुनं बंदर. गोद्यांचं काम आटल्यावर तिथल्या लोकांनी बंदराचा अगदी आतला भाग फिरणाऱ्यांसाठी मोकळा केला. १९८० साली काठावर दुकानं आली, १९८१ साली मत्स्यालय आलं. आणि त्याच काठावर पेडल बोटी भाड्याने मिळतात. बोटीला ड्रॅगनचं तोंड. हा ड्रॅगन म्हणजे ‘चेसी’, त्या भागातल्या चेसापीक उपसागरात राहतो असं लोक गमतीने सांगतात तो सागरी राक्षस. आमच्या यजमानांनी ते तोंड पाहून आधी नकारच दिला. एक तर उजवा गुडघा संपावर, त्यात ‘या वयात राक्षसावर बसून फोटो निघाला तर सोसायटीच्या ग्रुपवर जाईल’ ही काळजी. शेवटी बसले. फोटो निघाला. ग्रुपवर गेला.

पण पाण्यावर गेल्यावर दोघंही गप्प झालो. १८५४ साली बांधलेलं ‘कॉन्स्टेलेशन’ नावाचं शिडाचं लढाऊ जहाज तिथे धक्क्याला बांधून ठेवलं आहे. काठावरून ते आधी दोनदा पाहिलं होतं. म्हटलं, छान आहे. पेडल मारत त्याच्या बुडाजवळून गेलो तेव्हा दिसली ती पाण्याशी लागलेली शेवाळाची ओळ. ताणलेल्या दोरांची कुरकुर ऐकू आली, आणि मान किती वर करावी लागते तेही कळलं. पेडल बोट तासाला फार तर चार-पाच किलोमीटर जाते, म्हणजे माणसाच्या चालीइतकीच. पाण्यावर चालत गेल्यासारखं ते सगळं पाहता आलं. इंजिन नाही, नावाडी नाही, मागून कोणी ‘चला, वेळ संपली’ म्हणत नाही (म्हणतात, पण तासाभराने).

माझं माहेर ठाण्याचं, तलावपाळीजवळचं. त्यामुळे बोटिंग मला नवं नाही. मासुंद्याच्या मधल्या देवळाला वळसा घालून परत आलं की लहानपणी जग फिरून आल्यासारखं वाटे. पण तलाव तो तलाव. जिथून निघायचं तिथेच परत, आणि सगळ्या बाजूंनी भेळेच्या गाड्या दिसत राहणार. बंदरातल्या पाण्याचं तसं नाही. ते दुसरीकडून येतं आणि तिसरीकडे जातं. आपली खाडी काय वेगळी आहे? मुंबईच्या बंदराचाच तो आत शिरलेला हात. खाडीपल्याडच्या तुर्भ्याच्या (म्हणजे ट्रॉम्बेच्या) टेकडीपलीकडे घारापुरी, न्हावा-शेवा, मोठमोठी जहाजं, आणि अलीकडे आपण, त्याच पाण्याच्या काठावर पाम बीच रोडने ऐंशीच्या वेगाने जाणारे.

या शहरात पाण्याचा विचार झाला तो बहुतेक वेळा ओलांडण्यासाठी झाला. १९७३ साली वाशीचा पूल आला, तो ओलांडायलाच. मग मधल्या काळात हॉवरक्राफ्ट आलं आणि गेलं. १७ फेब्रुवारी २०२२ ला बेलापूरच्या जेट्टीवरून वॉटर टॅक्सीचं उद्घाटन झालं, तेव्हाही सगळ्या बातम्यांत एकच मोजमाप होतं: किती मिनिटांत पोचणार. पोचायला माझी हरकत नाही. पण खाडीवर नुसतं असायचं असेल, कुठेही न पोचता, तर त्याचं तिकीट कुठल्या खिडकीवर मिळतं?

आता अडचण सांगते, कारण ती तुमच्यापैकी कुणीतरी पहिल्याच बैठकीत काढणार, आणि ती खरी आहे. बाल्टिमोरच्या बंदरात भरती-ओहोटीचा फरक जेमतेम एक फूट. तिथे धक्का एकदा बांधला की बोट दिवसभर त्याच उंचीवर डुलत राहते, आणि तिकीटवाली मुलगी घड्याळ बघून खिडकी उघडते. मुंबईच्या बंदरात उधाणाला हाच फरक साडेतीन मीटरच्या वर जातो. दुपारी जिथे पाणी पायरी चाटत होतं, तिथे संध्याकाळी नुसता चिखल, त्यात निवट्या उड्या मारताहेत आणि बगळे चालताहेत. आणि हे एवढं पाणी सहा तासांत आत येतं नि सहा तासांत बाहेर जातं, तेव्हा त्याला ओढ असते. उधाणाच्या ओहोटीत पेडल बोट सापडली तर पाय कितीही चालवा, बोट तिला हवं तिकडेच जाणार. म्हणजे तिकडची नक्कल इकडे आणली तर पहिल्या महिन्यातच कुणीतरी चिखलात रुतलेलं किंवा पुलाखाली वाहत गेलेलं सापडेल, आणि मग सगळंच बंद. आपल्याकडे बंद करणं फार झटपट होतं.

पण याच अडचणीत उत्तर आहे, आणि ते मला भूगोलाच्या पुस्तकाने नाही, मासळीवालीने दिलं. दिवाळ्याहून येणारी आमची मावशी. एका सोमवारी उशिरा आली म्हणून मी कटकट केली, तर टोपली खाली ठेवत म्हणाली, “बाय, पानी काय तुमचे घड्यालावर येतं?” आणि मग तिने पाऊणकी सांगितली. आमच्या पिढीला पाव, निम, पाऊण यांचे पाढे पाठ असायचे. त्यांचा असा उपयोग असेल असं शाळेत कुणी बोललं नव्हतं. तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता भरती पूर्ण. चतुर्थीला तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमा-अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे दुपारी बाराच्या आतबाहेर. पहाटे एकदा आणि संध्याकाळी एकदा, किंवा दुपारी आणि मध्यरात्री, दिवसातून दोनदा. खाडीत आत पाणी थोडं उशिरा पोचतं, तेवढं धरायचं. तीस वर्षं मी हा धडा शिकवला, आणि माझ्या दारात बसून सुरमई कापणाऱ्या बाईला तो चंद्र-सूर्याच्या आकृतीशिवाय जास्त चांगला येत होता.

आता हे गणित पेडल बोटीला लावून पाहा. पौर्णिमा-अमावास्येला उधाण. त्या दिवशी भरती भर दुपारी, आणि सकाळ-संध्याकाळी, जेव्हा लोक फिरायला बाहेर पडतात, तेव्हा नेमकी ओहोटी. ते दिवस सोडून द्यायचे. अष्टमीच्या आसपास मात्र भांगाची भरती. पाण्याचा चढउतार कमी, दीड मीटरच्या आसपास, ओढही कमी. आणि ती भरती येते कधी? सकाळी सहा, पावणेसात, साडेसात, सव्वाआठ. अष्टमी, नवमी, दशमी, एकादशी. दोन्ही पक्षांत. म्हणजे महिन्यातून आठ सकाळी अशा मिळतात की पाणी भरलेलं आहे, थबकलेलं आहे, वारा अजून उठलेला नाही आणि ऊन कोवळं आहे. भरती पूर्ण व्हायच्या अर्धा तास आधी खिडकी उघडायची, भरती पूर्ण झाल्यावर अर्ध्या तासाने बंद करायची. सरकारी सुट्ट्यांच्या यादीसारखं वर्षाचं वेळापत्रक आधीच छापता येईल. भरतीची कोष्टकं वर्षभर आधी तयार असतातच. पाऊणकी हा फक्त पडताळा.

हे जगावेगळं काही सांगत नाही. ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून रोहित पक्षी दाखवायला ज्या बोटी सुटतात, त्या भरतीच्या वेळेवरच सुटतात. आज सकाळी आठला, तर परवा दहाला. लोक कुरकुरत नाहीत, आरक्षण करून येतात. जे रोहित पाहायला चालतं ते पेडल मारायला का चालू नये?

रोहित पक्ष्यांचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर पक्षीमित्र मला झोडपतील, आणि बरोबरच करतील. ठाणे खाडीतला भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ पासून जगातल्या महत्त्वाच्या पाणथळींच्या रामसर यादीतही आहे. ओहोटीला हे पक्षी चिखलावर चरतात आणि भरतीला चिखल बुडाला की आपल्या बाजूच्या पाणथळींत येऊन एका पायावर उभे राहतात. म्हणजे आपण बोटी काढणार तीच त्यांची विश्रांतीची वेळ. त्यामुळे नेरूळच्या डीपीएस तळ्यासारख्या त्यांच्या जागांवर बोट नको, पेडलचीही नको, हंसाच्या आकाराची तर अजिबात नको. नवी जेट्टी नको, एक तिवरही तोडायला नको. आहेत त्या धक्क्यांवरून, कांदळवनाच्या कडेकडेने, दोन बावट्यांच्या मधल्या पट्ट्यात. बस.

उरलेल्या बावीस दिवसांचं काय? त्यासाठी आपल्याकडे एक जागा आहे जी बाल्टिमोरकडे नाही: धारण तलाव. नवी मुंबईचा बराच भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, म्हणून सिडकोने शहर आखतानाच खाडीकाठी हे तलाव ठेवले. भरती आली की खाडीच्या दाबाने झडपा मिटतात, पावसाचं पाणी तलावात साठतं, ओहोटी लागली की झडपा उघडून ते बाहेर पडतं. वाशीचं मिनी सीशोर, नेरूळचं ज्वेल, ही ठिकाणं लोकांना फिरायची जागा म्हणून माहीत आहेत. ती शहराची पाणी साठवायची पातेली आहेत हे फारच थोड्यांना ठाऊक. या तलावांत पाणी रोज साडेतीन मीटर खालीवर होत नाही, त्यामुळे नवशिक्यांनी, लहान मुलांनी, गुडघेवाल्यांनी पेडल तिथे मारावं.

फक्त एक मोह टाळा. बोटिंगच्या ठेकेदाराला तलाव भरलेला हवा असतो आणि पावसाळ्यात धारण तलाव रिकामा हवा असतो. ज्या रात्री मुसळधार पाऊस आणि उधाण एकदम येतात, त्या रात्री तो रिकामेपणाच वाशीतली तळमजल्यावरची घरं वाचवतो. म्हणून जूनपासून सप्टेंबरपर्यंत बोटी काठावर उलट्या घालून ठेवायच्या, आणि ‘पाणी कमी आहे, धंदा बुडतो’ या तक्रारीवर कुणीही झडप अडवून ठेवायची नाही. हे करारातच लिहा. ठळक अक्षरात लिहा.

ठेकेदाराबद्दल बोलायचं तर एका तलावातला माझा अनुभव सांगते. तलाव कुठला ते राहू दे. भाचरांना घेऊन गेले होते. जॅकेटं ओली, कुबट, दोघांच्या पट्ट्यांना बक्कल नव्हतं. ‘काही होत नाही ताई, कमरेएवढंच पाणी आहे,’ असं उत्तर. बोट हंसाची. मान इतकी उंच की दुपारचा वारा सुटल्यावर तिचं शीड झालं, आणि आम्ही पेडल मारतोय पुढे, बोट जाते आडवी. पाचव्या मिनिटाला पेडल घट्ट. बोटीच्या पोटातलं पंखाचं चाक अडकलं होतं. हात घालून काढलं तर निर्माल्याचा हार, दुधाची पिशवी आणि नायलॉनचा मांजा असा एकच गोळा. मुलं खूश झाली, मला घाम फुटला. काठावरून शिट्टी वाजवायला माणूस होता; पाण्यात यायला नव्हता.

हसण्यावारी न्यावं अशी ही गोष्ट नाही. १८ जानेवारी २०२४ ला वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटली आणि १२ शाळकरी मुलं व दोन शिक्षिका गेल्या. बोटीत क्षमतेपेक्षा कितीतरी जास्त माणसं होती. तोही तलावच होता, शहराच्या मधला, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरचा. मी शिक्षिका आहे. ती बातमी वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर माझ्याच सहलींच्या याद्या आल्या.

म्हणून हे काम मच्छीमार सोसायट्यांकडे द्यावं असं माझं म्हणणं आहे. नेहमीच्या पद्धतीने सगळ्यात मोठी बोली लावणाऱ्याला दिलं, तर तो रविवारी उधाण असलं तरी बोट सोडेल. त्याला बोली वसूल करायची असते. दिवाळ्याचा किंवा सारसोळ्याचा माणूस सोडणार नाही. त्याला पाणी बघूनच कळतं, आणि पाण्याशी खोटं बोलून त्याचं भागत नाही. मासळी कमी झाली, खाडीत सांडपाणी आणि गाळ वाढला, तरणी पोरं नोकरीला गेली, हे तुम्ही मंडळी मला सांगायची गरज नाही. मावशीची टोपली वर्षानुवर्षं हलकी होताना मी पाहते आहे. पाच पेडल बोटींमागे एक होडी आणि दोन तरबेज माणसं पाण्यात, काठावर नाही. बोट बसकी, चपटी, मान-शेपूट नसलेली. जॅकेट अंगावर घालून बक्कल लावल्याशिवाय बोटीत पाय नाही, मग तो नगरसेवक का असेना. आणि ‘आज पाणी बरं नाही’ म्हणायचा शेवटचा अधिकार त्या होडीवाल्याचा. कुठल्याही कार्यालयातून फोन आला तरी तो बदलायचा नाही.

सोसायट्यांच्या पदाधिकाऱ्यांना मात्र वेगळं एक विचारायचं आहे. जाळी टाकणाऱ्याने शहरातल्या लोकांना पेडल मारायला नेणं तुमच्या पोरांना कमीपणाचं वाटेल का? वाटत असेल तर मोकळेपणी सांगा. मी घरात बसून तुमचा वेळ आणि तुमचं पाणी वाटून टाकते आहे, याची मला जाणीव आहे. जिथे तुमची जाळी लागतात तिथून बावटे शंभर हात लांब रोवा, हे तुम्हीच ठरवा.

कचऱ्याचं काय, असं विचाराल. बाल्टिमोरचं पाणीही काही गंगाजल नव्हतं. तिथे एका नाल्यासारख्या नदीच्या तोंडाशी २०१४ पासून एक मोठं पाणचक्कीसारखं यंत्र बसवलं आहे. नदीच्याच प्रवाहावर आणि सौर वीजेवर चालतं, वाहून आलेला कचरा पट्ट्यावरून उचलून डब्यात टाकतं. त्याला दोन गोल डोळे लावले आहेत आणि ‘मिस्टर ट्रॅश व्हील’ असं नाव दिलं आहे; मुलं त्याला हात हलवून टाटा करतात. आपल्या नाल्यांना तेच यंत्र लागेल असं मी म्हणत नाही, आपला कचरा त्याच्या घशात अडकेल. पण पेडलच्या चाकात स्वतःच्या हाताने हार ओढून काढलेली माझी भाची त्यानंतर पुलावरून निर्माल्य टाकणाऱ्या काकांना गाडी थांबवून ओरडली होती. वय वर्षं नऊ.

भाडं? बोटीतला अर्धा तास मॉलमधल्या पॉपकॉर्नच्या मोठ्या पुड्यापेक्षा स्वस्त असावा, एवढंच. आणि महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना भूगोलाच्या तासाला फुकट.

राहिला रविवारचा प्रश्न. पंचांग रविवार बघून चालत नाही. एखाद्या महिन्यात आठपैकी एकच सकाळ सुट्टीची येईल, आणि लोक तक्रार करतील. करू द्या. पाडव्याला कोण विचारतं, रविवारी का आला नाही? बुधवारी सकाळी पावणेसातला खाडीवर जाऊन नऊची लोकल पकडणारे लोक या शहरात मिळतील. मला सोसायटीतच अकरा मिळाले आहेत, त्यातले चार साठीच्या पुढचे.

कागदावर पटत नसेल तर पाहायला या. येत्या अष्टमीला सकाळी पावणेसहापासून मी सारसोळ्याच्या जेट्टीवर थांबते आहे. घड्याळ आणा. पाणी चढायचं कधी थांबतं ते प्रत्येकाने आपापल्या वहीत लिहायचं, पाऊणकी किती चुकते ते तिथेच ताडून पाहू; अर्धा तास इकडेतिकडे धरून चला. थर्मासमध्ये चहा असेल. आमचे यजमानही येणार आहेत, गुडघ्याला पट्टा बांधून.

आपली,
नेरूळची एक निवृत्त भूगोल शिक्षिका